वेण्णेच्या काठाने वर : लिंगमळ्याचे जंगल, नदी आणि धबधबा

कोरेगावहून साताऱ्याला जाताना माहुलीचा पूल लागतो. दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी, कोर्टाच्या तारखेसाठी किंवा लग्नाच्या खरेदीसाठी आपल्यापैकी प्रत्येकाने हा पूल ओलांडला आहे. पलीकडे संगम माहुली, अलीकडे क्षेत्र माहुली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचे, एवढे शाळेच्या पुस्तकातून लक्षात राहते. पण तिथे संगम कशाचा, असे घरातल्या मुलांना विचारून पाहा. कृष्णा सगळ्यांना ठाऊक असते. दुसरी नदी कोणती, इथे बहुतेकांची गाडी अडते.

ती दुसरी नदी वेण्णा. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून, जावळीचा तालुका ओलांडून, कण्हेरच्या धरणात थांबून ती माहुलीला कृष्णेत मिसळते. आपल्या दारापासून पंधरा-वीस किलोमीटरवर संपणारी ही नदी जिथे सुरू होते, तिथे जंगलातून जाणारी एक सोपी पायवाट आहे, आणि त्या वाटेच्या टोकाला लिंगमळ्याचा धबधबा आहे. एका दिवसात जाऊन येता येते. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, शाळकरी मुले या सगळ्यांना घेऊन जाता येते. मात्र कधी जायचे आणि पाण्याशी कसे वागायचे, हे आधी समजून घेतले पाहिजे. हा लेख त्यासाठीच आहे.

आपल्या घरांतल्या बायकांच्या सहलीचा हिशेब एकदा मांडून पाहावा असा आहे. वर्षाकाठी चार-पाच लग्ने, एखादी अकीक्याची दावत, कुणाच्या आजारपणात साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या दवाखान्यात काढलेल्या रात्री, क्वचित एखाद्या दर्ग्याची जियारत. यालाच बाहेर जाणे म्हणायचे. पुरुष मंडळी मित्रांबरोबर पावसाळ्यात ठोसेघरला, कासला मोटारसायकलींवर जाऊन येतात आणि मोबाइलवर फोटो दाखवतात. माझ्या फुफीने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत महाबळेश्वर पाहिले नव्हते. तिचे सासर कोरेगाव तालुक्यातलेच. घरापासून पाऊणशे किलोमीटर. हज करून आलेली बाई, समुद्र ओलांडून आलेली. पण केळघरचा घाट चढली नव्हती.

गेल्या ऑक्टोबरात घरात हा विषय निघाला, तेव्हा पहिला विरोध चाचांचा होता.

"बायका-पोरींना घेऊन धबधब्यावर जाता? टीव्हीवर काय दाखवतात, बघता ना?"

"चाचा, बघतो म्हणूनच पाऊस उतरल्यावर चाललोय."

"पाण्याचा काय भरवसा?"

चाचांचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातले एक कुटुंब वाहून गेले. आपल्यासारखेच मुस्लिम कुटुंब, सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन निघालेले. प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर ते सगळे एकमेकांना धरून उभे असल्याचे दृश्य देशभर पाहिले गेले. एक महिला आणि चार मुले त्यात गेली. अल्लाह त्यांना मगफिरत देवो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठोसेघरच्या बाजूला बोरणे घाटात सेल्फी काढताना एक तरुणी दरीत पडली. स्थानिक लोकांनी दोर सोडून तिला वर काढले, म्हणून ती वाचली.

या घटनांनंतर अनेक घरांत एकच निष्कर्ष निघाला: जायचेच नाही. आणि "जायचे नाही" याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो? मुलगे जातातच, न सांगता जातात. घरी राहतात त्या मुली आणि त्यांच्या आया. शिवाय जाणाऱ्या मुलांना कोणी काही शिकवलेले नसते, कारण घरात तो विषयच बंद झालेला असतो. त्यापेक्षा पाणी कसे चढते, हे सगळ्या घराने एकदा एकत्र समजून घेतलेले बरे.

लोणावळ्याला त्या दिवशी काय झाले असेल, हे डोंगरातल्या कोणत्याही ओढ्यावरून समजते. आपण उभे असतो तिथे पाऊस थांबलेला असतो. ऊनही पडलेले असते. पण ओढ्याचे पाणी आपल्या डोक्यावरच्या ढगातून येत नाही, ते वरच्या सगळ्या डोंगरमाथ्यावरून गोळा होऊन येते. माथ्यावर जोराची सर कोसळली, की ते पाणी उघड्या कातळावरून घसरत काही मिनिटांत खाली पोहोचते. घोट्याएवढे पाणी गुडघ्यापर्यंत येते, आणि गुडघाभर वेगवान पाण्यात मोठा माणूसही पाय रोवून उभा राहू शकत नाही. मूल कडेवर असेल तर विचारायलाच नको. येणाऱ्या लोंढ्याच्या खुणा असतात: निवळ पाणी एकाएकी गढूळ होते, पाने आणि काटक्या वाहून यायला लागतात, आवाज जड होतो. यातली एकही खूण दिसली, तर चप्पल, डबा, मोबाइल काहीही न उचलता काठाच्या उंच बाजूला जायचे. समोरच्या काठाला जायचे नाही, ज्या काठाने आलो त्याच काठाला. फोटोसाठी प्रवाहाच्या मधल्या खडकावर तर कधीच नाही. आमच्या गाडीत माहुली ते मेढा हाच पाठ चालला होता. दहा वर्षांच्या भाचीने तो चाचांपेक्षा लवकर पाठ केला.

म्हणून ऋतू निवडणे हे सगळ्यात महत्त्वाचे. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. २२-२३ जुलै २०२१ ला तर चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर झाला. कोरेगावच्या शेतकऱ्याने वर्षभर आभाळाकडे डोळे लावून जेवढा पाऊस मिळवावा, जवळजवळ तेवढा एका दिवसात. सह्याद्रीचा कडा ढगांना अडवतो आणि रिकामे करून आपल्याकडे पाठवतो. एकाच जिल्ह्यात एकीकडे भाताची खाचरे आणि दुसरीकडे ज्वारी-घेवड्याची कोरडवाहू शेती, ती या कारणाने. आपल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेही या कोरड्या हवेचेच देणे म्हणायचे.

जून ते ऑगस्ट लिंगमळ्याला जाण्यात कुटुंबाला काही मिळत नाही. धबधबा ऐकू येतो, दिसत नाही; समोर नुसते धुके. वाटेवर शेवाळ, पायाला जळवा. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असला, तर प्रशासन पर्यटनस्थळे बंदही ठेवते. सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंतचे दिवस चांगले. धुके फाटलेले असते, पाणी भरपूर असते आणि वाट बऱ्यापैकी सुकलेली असते. फेब्रुवारीनंतर धार बारीक होत जाते, आणि मे महिन्यात गेलात तर कोरडा कातळ बघून याल. दिवाळीची सुट्टी टाळावी, गर्दी फार. शनिवार-रविवारही टाळता आले तर पाहावे.

आता प्रवास. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर साताऱ्याहून मेढामार्गे जावे. पाचगणीमार्गे रस्ता रुंद आहे, पण मेढ्याच्या रस्त्याला वेण्णा सोबत राहते. कण्हेरचा जलाशय, मग मेढा, मग दरी अरुंद होत जाते, केळघर येते आणि घाट सुरू होतो. हा घाट २०२१ च्या जुलैत दरडी कोसळून बंद पडला होता, त्यामुळे पावसात इकडून जाऊ नये. ऑक्टोबरात मात्र दोन्ही अंगांना पिवळी झालेली भाताची खाचरे आणि वर काळा कडा, असा देखावा असतो. आमच्या ड्रायव्हरला दोनदा गाडी थांबवावी लागली. एकदा फुफीला बघायचे होते म्हणून, एकदा भाचीला उलटी आली म्हणून. घाटात मुलांना पुढच्या बाजूला बसवावे आणि सकाळी तेलकट खायला देऊ नये.

एसटीने जाणाऱ्यांसाठी सातारा-महाबळेश्वर गाड्या आहेत. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. दादी-नानीला न्यायचे तर याहून स्वस्त काय असणार? आधार कार्ड मात्र जवळ ठेवावे. महाबळेश्वरच्या स्टँडवरून लिंगमळा पाच-सहा किलोमीटर, पाचगणीच्या रस्त्याला. टॅक्सी मिळते, भाडे बसण्याआधी ठरवावे.

वाटेत वेण्णा तलाव लागतो. बहुतेक लोक तिथेच अडकतात. घोडे, होड्या, मक्याची कणसे, गाजरे. हा तलाव नैसर्गिक नाही, साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतला. मुलांना होडीत बसायचे असेल तर परतताना बसवावे, जाताना नाही. सकाळचा वेळ जंगलाचा.

लिंगमळ्याच्या फाटकाशी प्रवेशाचे शुल्क भरून आत गेले, की दहा पावलांत आवाज बदलतो. गाड्यांचे हॉर्न मागे राहतात. वाट मातीची, कुठे दगडी पायऱ्यांची. झाडे उंच नाहीत, आणि आंबा-फणसाच्या सावलीची सवय असलेल्याला ती सुरुवातीला खुरटलेली वाटतील. पण नीट पाहिले तर वाऱ्याने पिळलेली, शेवाळाने आणि नेच्यांनी अंगभर मढलेली ही झाडे फार म्हातारी आहेत. जांभूळ, अंजनी, पिसा ही इथली मुख्य मंडळी. वर्षभर हिरवे राहणारे हे जंगल आहे. हिरड्याची झाडेही आहेत; त्रिफळा चूर्णातला हिरडा तो हाच, आणि चामडे कमावण्याच्या धंद्यात ज्यांचे आजे-पणजे होते त्यांना हिरड्याची वेगळी ओळख सांगायला नको.

अंजनी उन्हाळ्यात निळ्या-जांभळ्या फुलांनी खोडापर्यंत भरते आणि मधमाश्या तिच्यावर तुटून पडतात. महाबळेश्वरचा मध नावाजलेला आहे तो या झाडांमुळे. जवळचेच मांघर गाव २०२२ मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. सुरा नहल ज्यांना ठाऊक आहे त्या वाचकांना मधमाशीचे मोठेपण मी काय सांगावे? एवढेच सांगते की बाजारात दिसेल ती बाटली मध म्हणून घेऊ नये. सरकारी मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे, खात्रीचा मध हवा असेल तर तिथे चौकशी करावी.

नशीब असेल तर शेकरू दिसते. तांबूस-तपकिरी, झुपकेदार शेपटीची मोठी खार, राज्याचा प्राणी. ती जमिनीवर क्वचितच उतरते, म्हणून वर फांद्यांत पाहायचे. आम्हाला ती दिसली नाही, नुसता खडखडाट ऐकू आला. शीळकरी कस्तूर मात्र भेटला. काळसर निळा पक्षी, पाण्याच्या जवळच राहणारा. त्याची शीळ थेट माणसाची वाटते. कोणी मुलगा रमतगमत, सूर चुकवत शीळ घालत चालला आहे अशी. माझी भाभी दचकून मागे वळली आणि तिने ओढणी सावरली. "कोण आहे ते?" असे तिने दरडावून विचारलेही. पक्षी आहे हे कळल्यावर पुढची पंधरा मिनिटे ती एकटीच हसत होती.

वाटेला थोड्याच वेळात फाटे फुटतात. एक वाट जवळच्या छोट्या धबधब्याकडे जाते, दुसरी पुढे मुख्य धबधब्याच्या कठड्याकडे. नदीची पहिली भेट छोट्या धबधब्यापाशी होते. रुंद काळ्या कातळावरून पसरून आलेले पाणी दहा-वीस फूट घसरत खालच्या डोहात उतरते. दिसायला इतके सालस की आई स्वतः मुलाला म्हणेल, जा, पाय भिजवून ये. इथेच सावध राहायचे. पाणी ज्या कातळावरून वाहते त्यावर शेवाळाचा थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. आणि ही नदी पुढे काहीच अंतरावर कड्यावरून खाली कोसळते. आमचे ठरलेले होते: सूचनाफलक असेल तिथे पाण्यात उतरायचे नाही, बाकी ठिकाणी मुलांनी काठावरच्या कोरड्या दगडावर बसायचे आणि मोठ्यांनी पाण्याच्या बाजूला बसायचे. दोन मुलांमागे एक मोठे माणूस, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नाही.

जोहरची वेळ वाटेत होते. नदी समोर आहे म्हणून वजूला नदीत उतरण्याची ओढ सगळ्यांना वाटते, विशेषतः बुजुर्गांना. उतरू नये. ओल्या कातळावर वाकलेला माणूस सगळ्यात लवकर घसरतो. आम्ही दोन लिटरची बाटली आणि एक तांब्या घेऊन गेलो होतो. अकरा जणांचा वजू त्यात झाला. वाहत्या नदीकाठी असलो तरी वजूत पाणी उधळू नये ही तालीम आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे, तिचा अर्थ त्या दिवशी मुलांना वेगळा सांगावा लागला नाही. वाटेच्या कडेला सपाट जागा पाहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट न अडवता चटई टाकली. पर्यटक बाजूने शांतपणे गेले. एका मराठी कुटुंबातल्या आजींनी नंतर फुफीला पेरू दिला आणि दोघी गुडघ्यांच्या दुखण्यावर बराच वेळ बोलत बसल्या. मशीदच गाठायची असेल तर महाबळेश्वरच्या बाजारपेठेत आहे. राहिला कसरचा प्रश्न. कोरेगावहून अंतर जवळपास पाऊणशे किलोमीटर, म्हणजे ज्यावर मसला अवलंबून असतो त्या सीमेपाशीच घुटमळणारे. निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे. गाडीत बसून वाद घालू नये, आमच्याकडे तो मेढ्यापर्यंत चालला.

मुख्य धबधब्याकडची वाट थोडी लांब आहे, उतरणीची आहे, आणि शेवटी कठड्यापाशी उघडते. तिथवरच्या दाट सावलीतून एकदम बाहेर आल्यावर डोळे दिपतात. समोर दरीचा अर्धगोल कडा आणि त्यावरून सुटलेली वेण्णा. सुमारे पाचशे फूट. पाणी सलग धारेत पडत नाही. मध्ये कातळाच्या पायऱ्यांवर आपटते, फुटते, पुन्हा जुळते. वारा दरीतून वर आला की खालची अर्धी धार वर उडते आणि तुषार चेहऱ्यावर येतात. फुफी कठड्याला दोन्ही हात धरून उभी राहिली. काही बोलली नाही. ओठ हलत होते, तस्बीह चालू असावी. अर्ध्या तासाने भाचीने विचारले, "दादी, चलायचं का?" तर म्हणाली, "तुम्ही जावा पुढं. मी येते."

त्या कड्याकडे पाहताना मुलांना एक गोष्ट दाखवता येते. कडा एकसंध नाही, त्यात आडवे थर आहेत. हे सगळे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे आहेत. एकावर एक थर गोठत गेले. कठीण थर पाण्यापुढे टिकतात, मऊ थर झिजतात, म्हणून धबधब्याला पायऱ्या पडतात. आणि सगळ्यात वर, महाबळेश्वरच्या पठारावर, जांभ्या दगडाची टोपी आहे. हा दगड सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो स्पंजासारखा पिऊन घेतो आणि खालच्या घट्ट थरावरून हळूहळू झऱ्यांवाटे सोडत राहतो. पाऊस संपून दोन महिने झाले तरी धबधबा चालू कसा, याचे उत्तर त्या टोपीत आहे. वरच्या पठारावर जेवढे सिमेंट ओतले जाईल तेवढे पाणी आत मुरायचे थांबेल. केंद्र सरकारने २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला, त्यामागचे एक साधे कारण हे. नियम कागदावर किती आणि जमिनीवर किती, हे येता-जाता दिसणाऱ्या बांधकामांवरून ज्याचे त्याने ठरवावे.

याच पठारावरून आणखी नद्या निघतात. कृष्णा, कोयना आणि वेण्णा पूर्वेकडे वाहतात. कोयना कराडला कृष्णेत मिसळते, आणि तिघींचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला जाते. सावित्री मात्र पश्चिमेला उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. महाबळेश्वरच्या एकाच छपरावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब देशाच्या दोन टोकांना जातात. भाचीला हे फार आवडले. उतरताना ती दिसेल त्या थेंबाला विचारत होती, तू कुठे चाललास?

लिंगमळ्याच्या जंगलाचा आणखी एक जुना किस्सा आहे. १८६० च्या दशकात इंग्रज सरकारने इथे सिंकोनाची लागवड करून पाहिली. सिंकोनाच्या सालीपासून क्विनाइन निघते, आणि हिवतापावर त्या काळी तेवढे एकच औषध. दक्षिण अमेरिकेतले हे झाड निलगिरीत रुजले होते, दार्जिलिंगकडे रुजले होते, मग इथे का नाही? पण एवढा पाऊस त्या झाडांना मानवला नाही. काही वर्षांतच प्रयोग गुंडाळला. जांभूळ-अंजनी होती तिथेच आहे.

जेवण घरूनच न्यावे. खाण्याच्या हलालचा प्रश्न उरत नाही आणि खर्चही वाचतो. मात्र माकडे वाटेवर टपलेली असतात आणि उघडा डबा त्यांना लांबून कळतो. म्हणून जंगलात दस्तरखान पसरू नये. खजूर, उकडलेली अंडी, चपातीच्या गुंडाळ्या एवढेच पिशवीत असावे, आणि खरे जेवण बाहेर आल्यावर गाडीपाशी करावे. माकडांना हाताने खायला घालणे सवाबाचे काम आहे असे काहींना वाटते. तसे केल्याने ती माणसांच्या अंगावर यायला शिकतात, आणि पुढच्या वेळी एखाद्या लहान मुलाला ओरबाडतात. आणलेला प्रत्येक कागद, पिशवी, बाटली परत न्यायची. वरून टाकलेली पिशवी मेढ्याकडे, कण्हेरकडे आणि शेवटी माहुलीकडेच वाहत जाणार.

बुरखा किंवा अबाया घालणाऱ्या बहिणींसाठी दोन सूचना. घेर पायात येणार नाही एवढा वर घेऊन पिन लावावी, कारण उतरणीच्या पायऱ्यांवर पडण्याचे तेच मोठे कारण असते. आणि पायात चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट हवेत. भाभीने शाळेच्या मुलीचे पांढरे बूट घातले होते. वरचा काळा बुरखा आणि खाली ते बूट पाहून चाचांना हसू आवरेना. पण अख्ख्या वाटेत न घसरलेली ती एकटीच. स्वच्छतागृहाची सोय आत जंगलात शोधू नये, त्याआधीच बाजारात उरकून घ्यावे. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या सोबत हव्यात. गुडघे फारच दुखत असतील तर मुख्य धबधब्याचा आग्रह धरू नये. परतीची वाट चढणीची आहे आणि ती हळू, थांबत-थांबत चढावी लागते. फुफीला तासभर लागला. मध्ये चार वेळा बसली. तिने कोणालाही हात धरू दिला नाही.

ज्यांना महाबळेश्वर लांब पडते त्यांनी ठोसेघर पाहावे. साताऱ्याहून पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे, धबधबा त्याहून उंच आहे आणि पाहण्यासाठी कठड्याची सोय आहे. कासच्या बाजूला भांबवलीचा वजराई आहे, तिथली चाल जरा दमवणारी. पण या दोन्ही ठिकाणी नदीकाठाने, झाडीतून सावकाश चालण्याचे जे सुख आहे ते लिंगमळ्याइतके नाही, असे माझे मत.

परतताना दुपारी चारच्या आत निघावे. घाटात संध्याकाळी धुके उतरते आणि रानगवे रस्त्यावर येतात. त्यांच्यासमोर हॉर्न वाजवू नये, दिवे मंद करून थांबून राहावे. आम्ही असरनंतर केळघरला उतरलो. मेढ्यात चहाला थांबलो तेव्हा चाचांनी टपरीवाल्याला विचारले, थोसेघरचा रस्ता कुठून चांगला. मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "नोव्हेंबरात. पाऊस पूर्ण उतरल्यावर."